बाहेरचा रस्ता

१९८९ साली टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेत आपल्या साहेबांपुढे एक टिपण ठेवलं. संस्थेत माणसं येत होती, जात होती, आणि कुठला कागद कुठे ठेवला आहे ही माहिती जाणारा माणूस आपल्याबरोबर घेऊन जात होता. त्यावर बर्नर्स-लींनी उपाय सुचवला. एका कागदातल्या शब्दावर टिचकी मारली की त्या शब्दाशी नातं असलेला दुसरा कागद आपोआप समोर यावा. साहेबांनी टिपणाच्या माथ्यावर 'मोघम आहे, पण उत्सुकता वाढवणारं आहे' अशा अर्थाचा शेरा मारला आणि तरीही काम पुढे जाऊ दिलं. ते कार्यालय आपल्याकडचं नव्हतं हे एवढ्यावरूनच ओळखावं. त्या टिपणातून वर्ल्ड वाइड वेब जन्माला आलं आणि निळ्या, अधोरेखित अक्षरांवर बोट ठेवून माणूस जगात कुठूनही कुठेही जाऊ लागला.

त्यानंतर एकवीस वर्षांनी, ६ ऑक्टोबर २०१० रोजी, इन्स्टाग्राम आलं आणि बोट ठेवूनही माणूस जागच्या जागी राहू लागला.

इन्स्टाग्राम काढणाऱ्या केविन सिस्ट्रम आणि माइक क्रीगर या जोडीने आधी 'बर्बन' नावाचं ॲप केलं होतं. आपण आत्ता कुठे आहोत हे त्यात मित्रांना कळवता यायचं, पुढचे बेत ठरवता यायचे आणि फोटोही टाकता यायचे. लोक बाकी काही करत नाहीत, नुसते फोटो टाकतात, हे लक्षात आल्यावर दोघांनी बाकीचं सगळं काढून टाकलं. उरले चौकोनी फोटो, त्यांना उगाच जुनाट रंग देणारे फिल्टर आणि खाली कॅप्शनची जागा. ही जागा लहान नाही, चांगली २,२०० अक्षरांची आहे. तिच्यात आजीची आठवण लिहा, नगरपालिकेची तक्रार लिहा, स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःलाच शुभेच्छा द्या, कुणी अडवत नाही. पण वेबसाइटचा पत्ता लिहिलात तर तो निळा होत नाही. दाबा, दाबून धरा, चिडून दाबा, अक्षरं ढिम्म हलत नाहीत. पाहणाऱ्याने तो पत्ता पाठ करावा, ॲप बंद करावं, ब्राउझर उघडावा आणि पाठ केलेलं तिथे उतरवावं अशी अपेक्षा असते. 'एचटीटीपीएस, दोन टिंबं, दोन तिरक्या रेघा' इथपर्यंत बहुतेकांचं पाठांतर टिकतं.

यामागचं अर्थशास्त्र अगदी घरगुती आहे. इन्स्टाग्राम फुकट मिळतं, म्हणजे त्याची कमाई जाहिरातींवर चालते आणि जाहिरात बघायला माणूस जागेवर हवा. तुम्ही निळ्या अक्षरांवर बोट ठेवून एखाद्या कवीच्या पानावर निघून गेलात, तर दोन फोटोंनंतरची साबणाची जाहिरात कुणी बघायची? म्हणून या यजमानाने पाहुणे घरात आले की त्यांच्या चपला उचलून ठेवायची पद्धत पाडली. आग्रह चालू, गप्पा चालू, खाणं चालू. फक्त 'येतो आता' म्हटलं की चपला सापडत नाहीत.

यजमानाची बाजूही ऐकायला हवी. कॅप्शनमध्ये आणि कमेंटमध्ये लिंका चालू ठेवल्या असत्या, तर प्रत्येक बारशाच्या फोटोखाली 'घरबसल्या कमवा' आणि 'पंधरा दिवसांत पोट आत' यांची रांग लागली असती. हे खरंच आहे. पण हे सोवळं जाहिरातदारांना लागू नाही. पैसे भरून दाखवलेल्या पोस्टखाली 'अधिक जाणून घ्या' अशी छान पट्टी येते, ती दाबता येते आणि दाबली की पाहणारा बाहेर जाऊ शकतो. थोडक्यात, बाहेरचा रस्ता आहे. फक्त त्यावर टोल आहे.

टोल न परवडणाऱ्यांसाठी एक फट ठेवली होती. प्रोफाइलमध्ये आपल्या नावाखाली स्वतःबद्दल चार शब्द लिहायची जी जागा असते, ज्याला बायो म्हणतात, तिथे एक लिंक निळी होत असे. एकच. त्या एका लिंकेच्या जिवावर 'लिंक बायोमध्ये आहे' हे वाक्य जन्माला आलं. देवगडचा आंबेवाला ते म्हणतो, नाटकाच्या दौऱ्यावरचा नट म्हणतो, पावसाळा लागला की हरिश्चंद्रगडाला माणसं नेणारे म्हणतात, आणि ज्यांनी ऑक्टोबरपर्यंत इंटरनेटवर कडाडून टीका केलेली असते ते दिवाळी अंकाचे संपादकही म्हणतात. मराठीत 'पाच मिनिटांत पोचतो' या वाक्याच्या खालोखाल आज हेच वाक्य उच्चारलं जात असावं. दोन्हींचा भरवसा साधारण सारखाच.

कारण बायोमध्ये लिंक असणं आणि माणूस बायोपर्यंत पोचणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या शेजारच्या काकांना एका नाटकाची तिकिटं काढायची होती. पुतणी फोनवरून मार्गदर्शन करत होती आणि काका स्पीकर लावून बोलत असल्यामुळे ते मार्गदर्शन सगळ्या मजल्याला मिळत होतं.

"काका, लिंक बायोमध्ये आहे."

"बायो कुठे आहे?"

"त्या नटाच्या प्रोफाइलवर."

"तिथे जायचं कसं?"

"त्याच्या नावाशेजारी गोल फोटो आहे ना, तो दाबा."

"दाबला. आता तो गाडीत बसून वडापाव खातोय."

"ती स्टोरी उघडली, काका. फोटोभोवती रंगीत कडं असलं की स्टोरी उघडते. मागे या आणि फोटो सोडून नावावर दाबा."

"आलो मागे. इथे आता एक बाई चकल्या तळतायत."

"अहो, ते दुसरंच काहीतरी आहे. तुमचा अंगठा लागून खाली सरकलं असेल."

"असू दे, पण चकल्या काटेरी झाल्यात गं छान. यांची लिंक कुठे आहे?"

पुतणीने फोन ठेवला. काकांनी नाटक पाहिलं नाही, भाजणी मागवली. चपला उचलून ठेवतात त्या याचसाठी.

समजा काका चिकाटीचे निघाले असते, बायो सापडली असती आणि निळी ओळ दाबलीही असती, तरी ते बाहेर पडलेच असते असं नाही. ती वेबसाइट सहसा इन्स्टाग्रामच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते. आपल्याला वाटतं आपण नाट्यगृहाच्या खिडकीपाशी आलो. प्रत्यक्षात यजमानाने दिवाणखान्यातच एक खिडकी रंगवून ठेवलेली असते. खुर्च्या निवडाव्यात, कार्डाचा नंबर घालावा, ओटीपी बघायला मेसेजमध्ये जावं आणि परत यावं, तर कधी कधी नाट्यगृह नाहीसं झालेलं असतं. चकल्यावाल्या बाई मात्र जागेवर असतात.

एकच लिंक, हा नियम मराठी माणसाला विशेष जाचला, कारण तो एका वेळी एकच काम करत नाही. सोमवार ते शुक्रवार बँक, शनिवारी गड, रविवारी गझल आणि अधूनमधून विमा असा अनेकांचा संसार असतो. बायोमध्ये यांपैकी काय ठेवायचं? गझलेची लिंक ठेवली तर घरातून विचारणा होते, "त्यातून मिळतं काय?" विम्याची ठेवली तर मित्र फॉलो करणं सोडतात. गडाची ठेवली तर बँकेतले साहेब म्हणतात, "मागच्या शनिवारी तुम्ही आजारी होतात ना?"

हा पेच २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये सुटला. ॲलेक्स आणि अँथनी झकारिया हे भाऊ आणि निक हम्फ्रीज असे तिघे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची इंटरनेटवरची कामं सांभाळत होते. आज नवं गाणं, उद्या कार्यक्रमाची तिकिटं, परवा टी-शर्ट, असं करत रोज बायोतली लिंक बदलून ते कंटाळले आणि त्यांनी लिंकट्री काढलं. कल्पना पाच वर्षांच्या मुलालाही कळेल अशी आहे. बायोमध्ये एक लिंक द्यायची, ती दाबली की एक पान उघडायचं आणि त्या पानावर हव्या तेवढ्या लिंका ओळीने लावायच्या. झालं. यात शोध म्हणावा असं काही नाही म्हणून आपण नाक मुरडू, पण २०२२ साली या कंपनीचं मूल्य १.३ अब्ज डॉलर ठरलं. फेसबुकने २०१२ साली अख्खं इन्स्टाग्राम घ्यायचं जाहीर केलं तेव्हा किंमत ठरली होती १ अब्ज डॉलर. म्हणजे घर गेलं एका अब्जाला आणि त्याच घराच्या भिंतीला पाडलेलं भोक झालं एक पूर्णांक तीन अब्जांचं. वास्तुशास्त्रवाल्यांनी याचा विचार करावा.

एप्रिल २०२३ मध्ये इन्स्टाग्राम स्वतःच द्रवलं आणि बायोमध्ये पाच लिंका ठेवायला परवानगी मिळाली. पण वर दिसते त्यातली एकच. उरलेल्या 'आणखी चार' अशा मोघम शब्दांमागे जातात, त्या बघायला पुन्हा दाबावं लागतं. वर विमा राहिला. गझल 'आणखी चार'मध्ये गेली.

बायोखेरीज दुसरा रस्ता निघाला तो स्टोरीतून, आणि त्याने समाजात चक्क दोन वर्ग पाडले. स्टोरी म्हणजे चोवीस तासांत पुसला जाणारा फोटो किंवा व्हिडिओ. ही सोय ऑगस्ट २०१६ मध्ये आली. तिच्यात लिंक द्यायचा मान आधी निळी खूण मिळालेल्या बड्या मंडळींना आणि पुढे दहा हजार फॉलोअर असलेल्यांना होता. अशी माणसं बोटाने वर खूण करून 'स्वाइप अप करा' म्हणायची. त्या बोटात जी ऐट होती ती जमिनीचा सातबारा नावावर असलेल्याच्याही चालण्यात नसते. नऊ हजार नऊशेवर अडकलेल्यांचे हाल मात्र विचारू नका. त्या काळात लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाहुणा जिलबी वाढली जाण्याआधी "तुम्ही मला फॉलो करता का?" असं विचारायचा. घरातल्या आजोबांचं अकाउंट उघडलं जायचं, ते आजोबांच्या प्रेमापोटी नव्हे.

मग २०२१ च्या ऑगस्टअखेरीस 'स्वाइप अप' बंद झालं, त्याच्या जागी लिंकचा स्टिकर आला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये तो जवळजवळ सगळ्यांना खुला झाला. मूठभर फॉलोअर असलेला आठवीतला मुलगाही आता लिंक चिकटवू लागला. जुन्या वतनदारांना हे पचवणं जड गेलं. त्यांच्यातले काही पुढे कित्येक दिवस सवयीने वर बोट करून 'स्वाइप अप' म्हणत राहिले, आणि प्रेक्षकही आज्ञाधारकपणे वर सरकवत राहिले.

स्टिकर सर्वांना मिळाला तशी नवी अंधश्रद्धाही सर्वांना मिळाली. लिंक दिली की अल्गोरिदम कोपतो आणि पोस्ट कुणाला दाखवत नाही, असं प्रत्येकाला त्याच्या ओळखीतल्या कुणीतरी सांगितलेलं असतं. त्यावर उपायही आहेत. लिंक टाकायच्या आधी एक सेल्फी टाकायचा आणि लिंकेनंतर एक मांजर टाकायचं, म्हणजे संशय येत नाही. लिहिताना 'लिंक' हा शब्द सरळ लिहायचा नाही, मध्ये फुली घालायची. चंद्रावर यान उतरवलेल्या देशातले अभियंते संध्याकाळी घरी बसून 'लि' आणि 'क' यांच्यामध्ये कोणती फुली अधिक सुरक्षित यावर चर्चा करतात.

जून २०२० च्या अखेरीस आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने भारतात छोट्या व्हिडिओंचं रील आणलं. त्यामुळे लिंकेला कथाकथनाची जोड मिळाली. तरुण गडावर चाललेला असतो, धुकं असतं, ढोल वाजत असतात. तो गुहेच्या तोंडाशी येतो, विजेरी आत वळवतो, त्याचे डोळे विस्फारतात आणि रील संपतं. 'पूर्ण व्हिडिओ यूट्यूबवर, लिंक बायोमध्ये.' आपण जातो. पूर्ण व्हिडिओ पाऊण तासाचा असतो. त्यात पहाटेचा चहा असतो, पार्किंगचे दर असतात, मित्राच्या बुटाचा सोल निघतो त्याचं सविस्तर चित्रण असतं आणि शेवटी गुहा येते. गुहेत वटवाघळं असतात. गुहेत आणखी काय असणार?

हा सगळा प्रकार विनोदी असला तरी मला त्यातली एक गोष्ट खरोखर गहन वाटते. 'लिंक बायोमध्ये आहे' हे वाक्य पोस्टवर कायमचं राहतं आणि बायोतली लिंक मात्र बदलत जाते. दोन वर्षांपूर्वीच्या पोस्टमध्ये बाई मोदकाचा साचा हातात धरून हसतमुखाने सांगत असतात की लिंक बायोमध्ये आहे. आज बायोत गेलं तर शेअरबाजाराच्या शिकवणीत नाव नोंदवायला सांगतात. लग्नाचं आमंत्रण असलेल्या पोस्टवरून बायोत जावं, तर तिथे घटस्फोटानंतर मन सावरण्यावरचं व्याख्यान असतं. उद्या कुणी संशोधक या काळाचा अभ्यास करायला बसला, तर आमची पिढी काही ना काही बायोमध्ये ठेवत असे आणि तिथे ते कधीच नसे, एवढं त्याला खात्रीने लिहिता येईल.

या सगळ्यावर सध्याचा रामबाण उपाय म्हणजे कमेंट. 'आमटीची पाककृती हवी असेल तर कमेंटमध्ये आमटी लिहा, मी लिंक इनबॉक्स करते.' यात बाई स्वतः काही पाठवत नाहीत. ते काम एक यंत्र करतं. कमेंटमध्ये ठरलेला शब्द दिसला की यंत्र लिंक पाठवतं. शिवाय कमेंटा वाढल्या की पोस्ट आणखी लोकांना दिसते, म्हणजे गिऱ्हाईकच जाहिरातीचं काम फुकटात करतं. अशा पोस्टखाली शेकडो सुशिक्षित माणसं ओळीने 'आमटी', 'आमटी', 'आमटी' लिहून गेलेली दिसतात. त्यात एक आजी 'आमटीत गूळ कसा नाही? आमच्याकडे असलं चालत नाही' असं खडसावतात. त्यांना उत्तर येतं, 'थँक यू, डिअर! लिंक पाठवली आहे.' एक गृहस्थ 'आमटी बघून कैलासवासी मातोश्रींची आठवण झाली' असं लिहितात. त्यांनाही, 'थँक यू, डिअर! लिंक पाठवली आहे.' ज्याने घाईत 'आमठी' लिहिलं त्याला मात्र काहीच मिळत नाही. मराठी शुद्धलेखनाचे नियम पाळले तर पदरात काही पडतं, हे पहिल्यांदाच एखाद्या यंत्रणेने सिद्ध केलं आहे आणि तिचा सत्कार व्हायला हवा.

साड्यांच्या व्यवहारात तर लिंकेपर्यंत मजलच जात नाही. येवल्याच्या पैठणीचा फोटो असतो, मोर असतो, पदर असतो, किंमत नसते. खाली बायकांनी 'पीपी' लिहिलेलं असतं, म्हणजे 'प्राइस प्लीज'. विक्रेता प्रत्येकीला उत्तर देतो, 'इनबॉक्स बघा, डिअर.' सोन्याचा भाव रोज सकाळी वर्तमानपत्रात छापून येतो, पेट्रोलचा पंपावर दिव्यांनी चमकतो, पण साडीची किंमत कानातच सांगायची असते. माझी एक आत्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. तिला एका विशीतल्या पोराने असंच 'डिअर' म्हटलं. मी म्हणालो, "आत्या, किंमत विचारलीस का?" ती म्हणाली, "इतक्या गोडीने मला कुणी हाक मारून जमाना झाला. आता किंमत विचारून कशाला विचका करू?"

काही हुशार मंडळींनी नियमाला बगल देऊन लिंक फोटोतच घातली. पोस्टरवर मधोमध क्यूआर कोड छापला आणि तो फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. कोड स्कॅन करायला फोनचा कॅमेरा लागतो. कोड मात्र त्याच फोनच्या पडद्यावर असतो. कॅमेरा फोनच्या पाठीवर, कोड फोनच्या पोटावर. कोडचा फोटो साठवून ॲपला तो वाचायला लावता येतो, पण ही युक्ती फार थोड्यांना माहीत असते. उरलेल्या घरांत बायको सोफ्यावरून आपला फोन उचलून धरते, नवरा हातातलं काम सोडून त्याच्या फोनने तिचा फोन टिपतो आणि मग ती लिंक नवऱ्याच्या फोनमध्ये उघडते. कानातल्यांच्या प्रदर्शनाची नोंदणी अशा रीतीने नवऱ्याच्या नावावर होते आणि पुढचं वर्षभर त्याला झुमक्यांच्या जाहिराती दिसतात.

याच्या पलीकडचा प्रांत कमिशनवाल्या लिंकांचा. आपल्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली की आपल्याला हिस्सा, अशी योजना ॲमेझॉनने १९९६ सालीच सुरू केली. इन्स्टाग्रामने तिला चेहरा दिला. तरुण जोडपं एका कढईबद्दल इतक्या भरल्या गळ्याने बोलतं, की लग्नाच्या वेळी तरी ते एकमेकांबद्दल इतकं बोललं होतं का, अशी शंका यावी. जाहिरात असेल तर तसं स्पष्ट सांगा, असा दंडक जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ॲस्कीने, २०२१ मध्ये घातला. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही तेच बजावलं, आणि ती सूचना हॅशटॅगांच्या गर्दीत दडवू नका असंही सांगितलं. तरी कढई, प्रेम, संसार, सकाळ, कृतज्ञता अशा हॅशटॅगांच्या शेपटाला कुठेतरी बारीक 'ॲड' सापडतं. ते शोधायला लागणारी चिकाटी ज्याच्यापाशी आहे, त्याला बायोतली लिंक सापडायलाही अडचण येणार नाही.

या सगळ्या धामधुमीत आमच्या डोंबिवलीच्या मावशीचं अकाउंट मला फार मानाचं वाटतं. ती पुरणपोळ्या, गुळपोळ्या आणि गणपतीत उकडीचे मोदक करून विकते. अकाउंट माझ्या धाकट्या भावाने उघडून दिलं. तो डिजिटल मार्केटिंगमध्ये आहे, म्हणजे घरात असतो आणि दार लावून इंग्रजीत बोलतो. बायो मावशीने स्वतः लिहिली. 'पुरणपोळी, गुळपोळी, मोदक. ऑर्डर आदल्या दिवशी सांगावी. लिंक नाही.' आणि खाली फोन नंबर.

भाऊ हादरला.

"मावशी, 'लिंक नाही' असं कुणी लिहितं का?"

"लोक विचारत होते, म्हणून लिहिलं. आता विचारत नाहीत."

"मग गिऱ्हाईक ऑर्डर देणार कशी?"

"तोंडाने."

"अगं, पण लिंक असली की कळतं, किती लोक आले, किती बघून परत गेले, किती जणांनी घेतलं."

"परत कशाला जातील? आणि घेतलं किती ते मला कळतं की. डबे मोजते मी."

"तू व्यवसाय वाढवायचा विचारच करत नाहीस."

"वाढवून? लाटायला तू येणार आहेस?"

भाऊ गप्प बसला, पण त्याने मनात नोंद केली. मावशीच्या फोटोंत स्टीलचं ताट असतं, ताटाखाली कालचा पेपर असतो आणि एका फोटोत तर गॅसचं बिलही दिसतं. तरी श्रावण लागला की तिचा फोन उचलायला शेजारच्या वहिनींना बोलवावं लागतं. तिच्यापर्यंत पोचायला कुणाला बायोतून पानावर, पानावरून यादीत आणि यादीतून दुकानात जावं लागत नाही. नंबर दिसतो, माणूस फोन लावतो, मावशी आधी ओरडते, "उद्या नाही जमणार!" आणि मग विचारते, "किती हव्यात?" एवढ्यावर व्यवहार पुरा होतो. पाहुण्याने चपला हातात घेऊनच यायचं, हा तोडगा तिला कुणीही न शिकवता सुचला होता.

गेल्या श्रावणात भावाने त्याच्या अकाउंटवर नवं रील टाकलं. पार्श्वभूमीला बासरी, पुढे मावशीच्या पोळ्यांची चळत आणि भाऊ कॅमेऱ्याकडे रोखून बघत विचारतोय, 'माझ्या मावशीने एकही लिंक न देता घरगुती व्यवसाय कसा उभा केला? तिची सात सूत्रं मी माझ्या नव्या ऑनलाइन कोर्समध्ये सांगितली आहेत. कोर्स हवा असेल तर कमेंटमध्ये मावशी असं लिहा.' खाली शेकडो लोकांनी 'मावशी', 'मावशी' लिहिलं होतं.

कुणीतरी ते मावशीला दाखवलं. तिने चष्मा लावला, रील दोनदा पाहिलं आणि तिथेच कमेंट लिहिली, "अरे, मावशी मीच. असली सात सूत्रं मी कुणाला सांगितलेली नाहीत. आणि माझा चार पुड्यांचा डबा तुझ्याकडे होळीपासून पडून आहे, तो आधी आणून दे."

लगेच उत्तर आलं.

"थँक यू, डिअर! कोर्सची लिंक पाठवली आहे. आज नाव नोंदवलंत तर पन्नास टक्के सूट."